चित्रांच्या बाजारातील घासाघीस आणि आपले रोजचे सौदे

चौकटवाला (धागाकर्ता):

दक्षिण मुंबईतील एका कलादालनात मी बारा वर्षे हिशेबाचे काम केले. चित्रकलेतले मला तेव्हाही फारसे कळत नव्हते आणि आजही कळते असा माझा दावा नाही. मात्र माझे टेबल मागच्या खोलीच्या दारालगत होते आणि भाव ठरण्याची सगळी बोलणी त्या खोलीत होत असत. त्यामुळे गिऱ्हाईक काय मागते, मालक काय उत्तर देतात आणि अखेरीस पावती कितीची फाटते, हे तिन्ही मला एकाच जागेवरून पाहायला मिळाले. गेल्या महिन्यात भाच्याने जुनी गाडी विकताना आकड्यावरून जो घोळ घातला, तो पाहून हे सारे एकदा लिहून काढावेसे वाटले.

चित्रांच्या बाजारात घासाघीस अगदी उघडीवाघडी दिसते, कारण तिथल्या किमतीला टेकायला जमीन नसते. सोन्याला रोजचा दर असतो, गव्हाला हमीभाव असतो, सदनिकेला निदान शेजारच्या इमारतीचा दर असतो. चित्राचे तसे नाही. मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १९५४ मध्ये दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेसाठी काम करणाऱ्या एका नॉर्वेजियन डॉक्टरांनी विकत घेतले, पुढे ते कित्येक वर्षे ऑस्लोमधील रुग्णालयाच्या भिंतीवर होते, आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ३८ लाख डॉलर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. कॅनव्हास तोच होता आणि रंगही तेच होते. किंमत ठरते ती दोन माणसांच्या बोलण्यातून, म्हणून ते बोलणे कसे चालते याकडे तिथे बारकाईने पाहता येते.

मला सर्वांत जास्त शिकवून गेलेला प्रसंग सांगतो. एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या संध्याकाळी एक बाई तीन लाखांच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि भोवती दहाबारा माणसे असताना त्यांनी मालकांना विचारले, “दोन लाख दहा हजारांत द्याल का?” मालक हसले, “किमती पक्क्या आहेत,” एवढेच म्हणाले आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळले. पुढच्या मंगळवारी दुपारी, दालनात कोणी नसताना, त्याच बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी सूट हा शब्दच काढला नाही. चित्र फार आवडले आहे, पैसे तीन धनादेशांत दिले तर चालतील का, आणि त्याच चित्रकाराचे ते चाळीस हजारांचे लहान रेखाटनही सोबत घेतले तर दोन्हींचे मिळून काय करता येईल, असे त्यांनी विचारले. मागच्या खोलीत वीस मिनिटे आणि दोन चहा झाल्यावर मी पावती केली ती दोन लाख पंच्याण्णव हजारांची, म्हणजे छापील किमतीपेक्षा पंचेचाळीस हजारांनी कमी.

मालकांचा विचार दोन दिवसांत पालटला असे अजिबात नाही. पहिल्या संध्याकाळी त्यांना नाही म्हणणे भागच होते. दालनात चित्रकाराचे दर साधारणपणे आकारावर बांधलेले असतात, आणि एका चित्राची किंमत चारचौघांत उतरली की त्याच चित्रकाराची चित्रे आधी पूर्ण दराने घेतलेल्या प्रत्येक माणसाच्या घरातल्या चित्राची किंमत उतरते. शिवाय विक्रीतला साधारण अर्धा वाटा दालनाचा आणि अर्धा चित्रकाराचा असतो, तेव्हा सूट कोणाच्या वाट्यातून जायची हेही आधी ठरावे लागते. म्हणूनच छापील आकडा तसाच ठेवून “जुने ग्राहक”, “दोन चित्रे एकत्र” किंवा “संग्रहालयासाठी” अशा काही तरी कारणाने, बंद दाराआड, दहा टक्क्यांच्या आसपास सूट देण्याची पद्धत तिथे सर्रास आहे. त्या बाईंना नकार मिळाला होता तो जागेमुळे आणि आकड्याच्या रूपामुळे. आपल्याकडे नकार आला की माणूस एक तर चिडतो किंवा आकडा थोडा वाढवून तोच प्रश्न पुन्हा विचारतो. समोरच्याला हो म्हणायला काय आडवे येत आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट राखीव किमतीची. लिलावगृहात वस्तू ठेवताना मालक सहसा आपला किमान आकडा आधी लेखी ठरवून देतो; तो गुप्त असतो आणि सामान्यतः छापील अंदाजाच्या खालच्या टोकापेक्षा वर नसतो. त्या आकड्यापर्यंत पोहोचेस्तोवर लिलावकर्ता स्वतःच विक्रेत्याच्या वतीने बोल्या पुकारू शकतो, आणि इंग्रजी बाजारात त्याला गमतीने झुंबराची बोली म्हणतात, कारण सभागृहात कोणी हात वर केलेला नसताना तो छताकडे पाहून आकडा वाढवीत असतो. तेव्हा घेणाऱ्यानेही आपला शेवटचा आकडा घरूनच कागदावर लिहून आणलेला बरा. मी तर पुढे जाऊन म्हणेन की तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावा, कारण बोली रंगात आली की स्वतःच्या हस्ताक्षरावरही माणूस फुली मारतो.

राखीव किमतीचा आणखी एक पदर आहे. बोली तिथवर न पोहोचल्यामुळे चित्र परत गेले, तर त्या बाजारात ते “जळाले” असे म्हणतात, आणि पुढची काही वर्षे त्याला हात लावायला कोणी धजत नाही. वर्षभर तीन संकेतस्थळांवर लटकत राहिलेल्या सदनिकेचे याहून वेगळे काय होते? येणारा प्रत्येक जण आधी विचारतो की ही अजून का गेली नाही.

तिसरी गोष्ट मी कारकून असल्यामुळे मला विशेष जवळची वाटते. हातोडा पडतो तो आकडा खरा नसतो. लंडनच्या दोन मोठ्या लिलावगृहांनी १९७५ मध्ये खरेदीदाराकडूनही अधिभार घ्यायला सुरुवात केली. लिओनार्दोच्या नावाने ओळखले जाणारे ‘साल्वातोर मुंडी’ २०१७ मध्ये न्यूयॉर्कला विकले गेले तेव्हा हातोडा ४० कोटी डॉलरवर पडला, पण घेणाऱ्याने ४५ कोटींहून अधिक मोजले. आपल्याकडे मुंबईत घर घेताना सहा टक्के मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, वाहनतळ आणि सोसायटीचे हस्तांतर शुल्क यांची बेरीज करण्याआधीच लोक प्रति चौरस फूट दोनशे रुपयांवरून हातघाईवर येतात. बेरीज आधी करावी आणि मग भांडावे.

चौथी गोष्ट मध्यस्थाची, आणि तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. दिमित्री रिबोलोव्लेव्ह या रशियन धनिकाने २००३ पासून सुमारे दहा वर्षांत ईव्ह बूव्हिए या स्विस व्यापाऱ्यामार्फत ३८ कलाकृती जवळपास २ अब्ज डॉलरना घेतल्या. त्याची समजूत अशी होती की बूव्हिए आपला माणूस आहे, तो आपल्या वतीने भाव पाडतो आणि दोन टक्के मेहनताना घेतो. २०१४ च्या अखेरीस एका जेवणाच्या वेळी न्यूयॉर्कच्या एका कलासल्लागाराशी बोलताना त्याला कळले की आपण ११ कोटी ८० लाख डॉलरना घेतलेले मोदिल्यानीचे चित्र मूळ मालकाने ९ कोटी ३५ लाखांना विकले होते. ‘साल्वातोर मुंडी’सुद्धा बूव्हिएने सुमारे ८ कोटींना घेऊन काही दिवसांतच त्याला १२ कोटी ७५ लाखांना दिले होते. बूव्हिएचे म्हणणे अखेरपर्यंत असे राहिले की मी दलाल नव्हतोच, मी स्वतः माल घेऊन विकणारा व्यापारी होतो आणि माझ्या मालाची किंमत मी ठरवणार. अनेक देशांत खटले चालले आणि २०२३ मध्ये दोघांनी आपसांत तडजोड केली. कोण बरोबर यात मला पडायचे नाही. दोन अब्जांचा व्यवहार होईपर्यंत “तू माझ्या बाजूने बसला आहेस की समोरच्या?” हा प्रश्न कागदावर स्पष्ट झालेला नव्हता, याचे मात्र मला राहून राहून आश्चर्य वाटते. आमच्या मेहुण्यांनी नाशिकजवळचा भूखंड विकला तेव्हा दलालाने दोन्हीकडून दलाली घेतली होती, आणि ते त्यांना कळले दस्त नोंदवायच्या दिवशी.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. मतभेदही जरूर मांडावेत.

माणदेशी:

लेख आवडला. बंद दाराआडच्या भावाबद्दल वाचताना मला खरसुंडीचा बैलबाजार आठवला. मी आजोबांचा हात धरून तिथे जात असे. व्यापारी आणि शेतकरी समोरासमोर बसत, दोघांचे हात उपरण्याखाली जात आणि तोंडाने कोणी आकडा बोलत नसे. किती बोटे धरली, पंजा दाबला की सोडला, यावरून आकडा समोरच्याला कळे. वर चेहरे मात्र असे ठेवलेले असत की जणू दोघे पावसाची वाट पाहत आहेत. यालाच हत्ता पद्धत म्हणतात, आणि वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांचा भाव रुमालाखाली ठरतो म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत.

आजोबा त्या पद्धतीचे गोडवे गात. चारचौघांत भाव पडल्याची नामुष्की नाही आणि शेजाऱ्याने किती घेतले याची वाच्यताही नाही, असे ते म्हणत. मला आता वाटते की ते स्वतः वर्षातून चार बाजार करणारे जाणते शेतकरी होते, म्हणून त्यांना ती सोयीची वाटे. पोटाला पीळ बसला म्हणून एकुलता एक बैल विकायला आलेल्या माणसाला उपरण्याखालचा आकडा रास्त आहे की नाही, हे ताडून पाहायला काहीच नसे. व्यापाऱ्याच्या हाताखालून मात्र त्या सकाळपासून वीस बैल गेलेले असत.

चौकटवाला:

माणदेशी, आपण फार नेमके बोट ठेवले. एकदाच येणारा आणि रोज बसणारा यांच्यातले अंतर हेच गुप्ततेचे भांडवल असते. चित्रांच्या बाजारात लिलावाचे निकाल छापून येतात, त्यामुळे दालनात येणारा अभ्यासू ग्राहक ते पाहून येतो. घरांच्या बाबतीत आपल्याकडेही अशी सोय आहे, पण ती फार थोडे लोक वापरतात. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांचा शोध घेता येतो, आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे लोक ज्याला इंडेक्स टू म्हणतात, तो पाहिला की त्याच इमारतीतील घर कागदोपत्री कितीला गेले हे दिसते. दलालाने सांगितलेला दर आणि तिथला दर यांच्यातली तफावत पाहून बोलायला बसल्यास उपरणे बरेचसे बाजूला होते.

भाडेकरू:

मला एक अगदी व्यावहारिक प्रश्न विचारायचा आहे. पुण्यात मी दोन वर्षे अठ्ठावीस हजार भाडे देत आहे. पुढच्या महिन्यात करार संपतो आणि घरमालकांना दहा टक्के वाढ, म्हणजे तीस हजार आठशे रुपये हवे आहेत. मी दोनदा विनंती केली. ते म्हणतात की एक रुपयाही कमी होणार नाही. त्यांची त्याच इमारतीत आणखी तीन घरे आहेत. मी काय करावे?

चौकटवाला:

उत्तर आपल्याच शेवटच्या वाक्यात आहे. चारही घरांचे भाडेकरू उद्वाहनात एकमेकांना भेटतात, तेव्हा आपल्यासाठी आकडा उतरवला तर त्यांना तो चार ठिकाणी उतरवावा लागेल. आकडा त्यांचा त्यांना राहू द्या आणि जे उद्वाहनात बोलले जात नाही ते मागा: अकराऐवजी बावीस महिन्यांचा करार आणि मध्ये वाढ नाही, वाढीव अनामत नाही, प्लंबरची रखडलेली कामे, भिंतींचे रंगकाम. शिवाय नवा भाडेकरू शोधताना त्यांचे एक रिकामे महिन्याचे भाडे आणि दलाली जाईल, ही बेरीज त्यांच्या मनात असतेच. ती आपण बोलून दाखवू नये, एवढे पाळा.

साशंक:

लेख वाचनीय आहे, परंतु मूळ तुलनाच मला खटकते. अब्जाधीशांनी एकमेकांना फसवले काय आणि न फसवले काय, त्यांच्या ताटातली पोळी कमी होत नाही. त्या बाजारातले शहाणपण घेऊन कोणी मंडईत मेथीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी डावपेच लढवू लागले, तर ते शहाणपण नसून कोतेपणा होय. घासाघीस करावी की नाही, हा प्रश्न घासाघीस कशी करावी याच्या आधी येतो, आणि तो लेखात कुठेच आलेला नाही.

चौकटवाला:

आक्षेप मान्य आहे. मेथीच्या जुडीवर मी स्वतः भाव करीत नाही, पण त्यात पुण्य असते असेही मला वाटत नाही. तिथे मिळणारा फायदा माझ्या वेळेच्या मोलाचा नसतो आणि समोरच्या बाईला तो झोंबतो, इतकाच हिशेब आहे. मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, हे लेखात यायला हवे होते.

जलरंग:

मी काळा घोड्याच्या पदपथावर, जहांगीर कलादालनाच्या बाहेर, बरीच वर्षे चित्रे मांडत आलो आहे, त्यामुळे साशंक यांच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आमच्याकडे थांबणाऱ्या दहा माणसांतील सहा जण एकच प्रश्न विचारतात: “हे काढायला किती वेळ लागला?” प्रश्न निरागस असतो, पण त्याच्या पोटात तासाला किती रुपये हा भागाकार दडलेला असतो. १८७८ मध्ये लंडनच्या न्यायालयात व्हिसलर या चित्रकाराला हेच विचारले गेले होते. रस्किन या नामवंत समीक्षकाने त्याच्या चित्राबद्दल, लोकांच्या तोंडावर रंगाचे भांडे फेकण्याचे हा २०० गिनी मागतो, अशा अर्थाचे लिहिले, म्हणून व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. दोन दिवसांच्या कामाचे आपण इतके पैसे मागता का, असे प्रतिपक्षाच्या वकिलांनी विचारल्यावर, नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे मागतो, असे उत्तर त्याने दिले. उत्तर गाजले आणि दावाही तो जिंकला. पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे तिथले सर्वांत लहान नाणे, आणि खटल्याच्या खर्चाने पुढच्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले. बाणेदार उत्तराने घर चालत नाही, हे या गोष्टीतले मला जास्त खरे वाटते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. तीन हजारांचे जलरंगातले चित्र कोणी दोन हजारांत मागितले तर मी नाही म्हणत नाही आणि हो तर मुळीच म्हणत नाही. मी पिशवीतून तेच दृश्य असलेले, अर्ध्या आकाराचे, माउंट न केलेले चित्र काढतो आणि म्हणतो, हे अठराशेचे आहे. बहुतेक वेळा माणूस दोन्ही हातांत धरून पाहतो, लहान चित्र खाली ठेवतो आणि मोठ्याचे पैसे देतो. काही वेळा लहान घेतो, तरी मी तोट्यात नसतो. किंमत कमी करायची असेल तर वस्तूतले काही तरी कमी झाले पाहिजे. नुसतीच किंमत कमी केली की पहिली किंमत उगाचच लावली होती, हे आपण स्वतःच्या तोंडाने कबूल करतो आणि पुढच्या रविवारी तेच गिऱ्हाईक मित्राला घेऊन निम्म्यापासून सुरुवात करते.

घरी शिकवण्या घेणारे, शिवणकाम करणारे, संकेतस्थळे बांधून देणारे सगळे या एकाच जागी घसरतात. फी कमी करतात आणि काम तेवढेच ठेवतात.

अर्धा चहा:

जलरंग यांचे लहान चित्र बाहेर काढणे मी उद्यापासून दुकानात वापरणार आहे.

या निमित्ताने एक गंमत. २००५ मध्ये जपानमधील एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या अध्यक्षांना सेझानच्या एका चित्रासह सुमारे २ कोटी डॉलरचा संग्रह विकायचा होता आणि क्रिस्टीज की सोदबीज हे ठरत नव्हते. त्यांनी दोन्ही लिलावगृहांना सांगितले की दगड-कागद-कात्री खेळा. सोदबीजने हा नशिबाचा खेळ समजून फारसा विचार न करता कागद लिहून दिला. क्रिस्टीजच्या एका अधिकाऱ्याने मात्र आपल्या अकरा वर्षांच्या जुळ्या मुलींना विचारले. त्यांचे म्हणणे पडले की सगळ्यांना वाटते समोरचा दगड काढेल, म्हणून कात्री काढावी. कात्रीने कागद कापला आणि काम क्रिस्टीजला मिळाले. तयारी करण्याजोगे काहीच नाही असे ज्याला वाटते, तो तिथेच हरलेला असतो काय, असा मला प्रश्न पडला आहे.

चौकटवाला:

एवढा मोठा सिद्धांत त्या कात्रीवर टांगू नये असे मला वाटते. कागदाऐवजी दगड आला असता तर आपण आज सोदबीजच्या दूरदृष्टीबद्दल लिहीत असतो. पण घरातल्या मुलांना विचारले, हे मला आवडले.

कागदपत्रे:

मी वकिली करतो, त्यामुळे माझी नजर वेगळ्या प्रकरणाकडे जाते. न्यूयॉर्कचे नोडलर हे कलादालन १८४६ पासूनचे, म्हणजे मोठ्या प्रतिष्ठेचे. २०११ मध्ये ते बंद पडले आणि त्यानंतर उघड झाले की रॉथको, पोलॉक आदी नामवंत चित्रकारांच्या नावावर तिथून विकली गेलेली कित्येक चित्रे न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात राहणाऱ्या एका चिनी चित्रकाराने काढलेली होती. आणून देणारी बाई नाव न सांगणाऱ्या एका संग्राहकाची गोष्ट सांगे. दालनाला ती चित्रे बाजारभावाच्या मानाने फारच स्वस्तात मिळत. एका चित्रावर तर पोलॉकच्या सहीचे स्पेलिंग चुकलेले होते. स्वतः सोदबीजचे पुढे अध्यक्ष झालेल्या गृहस्थांच्या कुटुंबाने त्यातला बनावट रॉथको ८३ लाख डॉलरना घेतलेला होता.

माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणे याच जातीची असतात. मालक परदेशात आहे, कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होईल, गरज आहे म्हणून वीस टक्के कमी, पण इसार आजच द्या. आपण भाव पाडल्याच्या आनंदात असतो आणि त्या आनंदात सातबारा, फेरफार आणि तीस वर्षांचा शोध अहवाल पुढच्या आठवड्यावर ढकलला जातो. घासाघीस न करताच भाव उतरला तर मी अशिलाला इसार खिशातच ठेवायला सांगतो.

कालव्याकाठी:

मी अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहतो, म्हणून इथले एक उदाहरण. रेम्ब्रांटने १६३४ मध्ये काढलेली एका नवविवाहित जोडप्याची दोन पूर्णाकृती चित्रे रॉथ्सचाइल्ड घराण्याकडे होती आणि २०१५ मध्ये ती १६ कोटी युरोंना विक्रीस निघाली. इथले राइक्सम्युझियम आणि पॅरिसचे लूव्हर या दोघांनाही ती हवी होती. एकमेकांविरुद्ध बोली लावली असती तर विक्रेत्याचे भले झाले असते. अखेर दोन्ही देशांनी प्रत्येकी ८ कोटी घातले. नवरा एकाच्या मालकीचा आणि बायको दुसऱ्याच्या, पण दोघांना नेहमी एकत्रच टांगायचे आणि पाळीपाळीने दोन्ही शहरांत ठेवायचे असे ठरले. मी राइक्सम्युझियममध्ये ती दोन्ही चित्रे शेजारी शेजारी पाहिली आहेत. ती पायरीवरून नुकतीच खाली येत आहे आणि तो तिच्यासाठी हातमोजा पुढे करून उभा आहे. त्यांना वेगळे करण्याची कल्पनाही तिथे उभे राहून करवत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या वडिलोपार्जित घरावरून तीन भावंडांत दोन वर्षे जे चालले आहे, त्यात प्रत्येक जण बाहेरच्या बिल्डरला स्वतंत्रपणे भेटून आला आहे आणि बिल्डरला तिघांचेही आकडे ठाऊक आहेत. आम्हा तिघांना मात्र एकमेकांचे आकडे ठाऊक नाहीत.

साशंक:

आता चर्चा मला पटू लागली आहे, म्हणून माझ्याकडूनही एक भर. न्यूयॉर्कमध्ये हर्ब आणि डोरोथी व्होगेल हे टपाल कर्मचारी आणि ग्रंथपाल असलेले जोडपे होते. तिच्या पगारात घर चाले आणि त्याच्या पगारात चित्रे येत. परवडले पाहिजे आणि एका शयनकक्षाच्या घरात मावले पाहिजे, एवढ्याच अटी होत्या. तरीही त्यांच्याकडे चार हजारांहून अधिक कलाकृती जमल्या. १९९२ मध्ये संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाकडे जाईपर्यंत त्यांनी त्यातले विकून पैसे केले नाहीत. क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार दांपत्याची मांजर सांभाळण्याच्या बदल्यात त्यांना एक कलाकृती मिळाली होती. कलाकार त्यांना कमी भावात का देत असत? हे दोघे चित्र पुढे विकणार नाहीत, वेळेवर हप्ता देतील आणि मनापासून पाहतील, याची त्यांना खात्री होती. पैशाखेरीज आपल्याजवळ समोरच्याला उपयोगी पडणारे काय आहे, हे मोजायला माणसे विसरतात. घर नीट ठेवणारा भाडेकरू हे त्याचेच उदाहरण आहे.

भाडेकरू:

सर्वांचे आभार. काल घरमालकांना भेटून आले. साशंक यांचा प्रतिसाद वाचून जाताना दोन वर्षांच्या सर्व भाड्यांच्या पावत्या आणि मी स्वखर्चाने बदललेल्या स्वयंपाकघरातील नळाचे बिल सोबत नेले, पण ते दाखवण्याची वेळच आली नाही. भाडे तीस हजार आठशेच राहिले. बावीस महिने वाढ नाही, अनामत आहे तीच, आणि न्हाणीघराची गळती करार होण्यापूर्वी दुरुस्त होईल, हे त्यांनी मी मागताच मान्य केले. मला खरोखर बरे वाटले.

आज दुपारी कराराचा मसुदा आला. सोसायटीचा देखभाल खर्च आतापर्यंत मालक भरत होते, तो नव्या मसुद्यात माझ्या नावावर आला आहे. दरमहा बावीसशे रुपये. ही जुन्याच मसुद्यातली चूक आहे की जाणूनबुजून घातलेले कलम, हे मला कळत नाही.

चौकटवाला:

बावीस महिन्यांचे ते अठ्ठेचाळीस हजार चारशे होतात. चूक की हेतू याचा शोध घेऊ नका. जुना करार समोर ठेवून, हे कलम पूर्वीप्रमाणे राहील ना, एवढेच विचारा, आणि गळतीचे आश्वासनही त्याच मसुद्यात तारखेसह लिहून घ्या. सही झाली आहे का?

भाडेकरू:

अजून नाही. बोटांचे ठसे घ्यायला नोंदणीचा माणूस उद्या सकाळी दहाला घरी येणार आहे. मालकांना आत्ता फोन लावते.